सायकल, व्हाया जालना

भंगारवाल्याची हाक गल्लीत आली की आमच्या घरातून काहीही बाहेर जाऊ शकतं. कूलरची गंजकी टाकी जाते, इन्व्हर्टरची बॅटरी जाते, एकदा तर चालू मिक्सर गेला. पण जिन्याखालच्या सायकलीकडे त्याने नुसती मान वळवली तरी घरातून तीन आवाज एकदम येतात, ‘‘ती नाही हं! ती अण्णांची आहे!’’ अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्यामागे ती सायकल कुणी चालवलेली नाही. तिच्या दांडीवर पायपुसणी वाळतात, हँडलला कांद्याची पिशवी लटकते आणि कॅरिअरवर एक स्टो आहे. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून तोही अण्णांचा झालाय.

हे आमच्याच घरचं आहे असं नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि दुचाक्या बनवायला माणसं सकाळच्या पाळीला सायकलवर जाऊ लागली, त्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात दर दुसऱ्या जिन्याखाली अशी एक सायकल उभी आहे. स्कूटर आली तेव्हा सायकल विकायची राहून गेली. मोटारसायकल आली तेव्हा एवढ्याशा पैशासाठी विकायची लाज वाटली. आणि चारचाकी दारात लागली तोवर सायकलीचा वारसा झालेला होता. वारसा म्हटला की त्याचं जतन आलं. शहराच्या जुन्या दरवाजांची डागडुजी झाली, शहागंजचं घड्याळ पुन्हा वेळ सांगू लागलं, मग आमच्या जिन्याखालच्या लोखंडानेच काय घोडं मारलं होतं?

जुनी सायकल स्वतःच्या हाताने पुन्हा कोरी करण्याचा आजार साधारण पन्नाशीत होतो. आधी रक्तात साखर सापडते, मग डॉक्टर व्यायाम सांगतात, मग माणूस व्यायामाऐवजी व्यायामाचे व्हिडिओ बघतो, आणि असं बघता बघता एका रात्री युरोपातल्या कुठल्याशा गॅरेजात जाऊन पोचतो. तिथे काळे हातमोजे घातलेला एक इसम तोंडातून अवाक्षर न काढता तळ्यातून काढलेली सायकल वीस मिनिटांत कोरी करून दाखवतो. त्याचा एकही नट अडकत नाही. त्याला कुणी चहाला हाक मारत नाही. ‘उठलाच आहेस तर कोथिंबीर घेऊन ये’ असं त्याला कुणी म्हणत नाही. आणि सायकल धुताना तो पाण्याची नळी खुशाल सोडून देतो. पाणी वाहत राहतं आणि संभाजीनगरचा प्रेक्षक सायकल सोडून त्या पाण्याकडेच बघत बसतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. नाथसागराचे दरवाजे उघडल्याचे फोटो पेपरात येतात, आम्ही ते बघतो आणि टाकीत काठी घालून पाणी मोजतो. मलिक अंबराने चारशे वर्षांपूर्वी खापरी नळांतून या गावात पाणी खेळवलं होतं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. नळ येतो त्या दिवशी ‘मी सायकल धुणार आहे’ असं जाहीर करणाऱ्याचं घरात काय होईल, हे मलाही पाठ होतं. म्हणून पहिल्याच पायरीला आमचा रस्ता त्या युरोपियन गृहस्थापासून वेगळा झाला. गंज काढायचा तो कोरडा, पॉलिश पेपरने.

एकट्याने काढायचा, असं मनात होतं. पण या शहरात एकट्याने काही दुरुस्त करता येत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींनी वेढलेल्या गावात दर गल्लीला निदान एक गृहस्थ क्वालिटीतून निवृत्त झालेले असतात. आमच्या गल्लीतले काका शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. भाजीवाल्याकडे दोडका बोटभर कमी भरला की त्यांचा हात पेनाकडे न जाता त्या खिशाकडे जातो. मी जिन्याखालून सायकल बाहेर ओढली त्या आवाजावर ते आले, तिच्याभोवती एक फेरी घातली आणि म्हणाले, ‘‘प्रोसेस शीट कुठंय?’’

दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत भिंतीवर तक्ता लागला. फरशीवर पिवळी पट्टी चिकटली. पट्टीच्या आत काम, बाहेर घर. सुट्या भागांसाठी लाल, पिवळे, हिरवे डबे आले: टाकाऊ, संशयास्पद, चांगले. संध्याकाळपर्यंत लाल डबा भरून पिवळ्यात सांडू लागला. हिरव्यात एकटा स्टँडचा स्प्रिंग होता. सेफ्टी शूज घातल्याशिवाय पट्टी ओलांडायची नाही, असा नियम काकांनी आमच्या आत्याला समजावून सांगितला. आत्या म्हणजे अण्णांची थोरली मुलगी, ऐंशी पार केलेली. तिने ऐकून घेतलं आणि तुळशीला पाणी घालायला रोजच्या वाटेने, म्हणजे पट्टीच्या बरोबर मधून, अनवाणी निघून गेली. काकांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं.

सायकल कुठल्या कंपनीची, हा पहिला वाद. पुढचा बिल्ला केव्हाच पडलेला, त्यामुळे सगळ्यांनाच मत होतं. माझे एक चुलते म्हणाले हर्क्युलिस. दुसरे म्हणाले, छट्, बीएसए. बीएसए ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी, तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं तिचं चिन्ह. अण्णांच्या स्वभावाला तेच शोभलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र चेनच्या चक्राकडे बोट दाखवलं. त्यात लांब चोचीच्या बगळ्याचं डोकं कोरलेलं होतं, आणि बगळा म्हणजे रॅले. क्षणभर ओसरीत नॉटिंगहॅमची हवा आली. मग काकांनी विचारलं, ‘‘कशावरून नॉटिंगहॅम? रॅले पुढे आसनसोललाही बनायच्या.’’ इंग्लंडहून थेट बंगालात आल्याने दोघे चुलते एकदम माझ्या विरुद्ध झाले.

निकाल लावला चाचांनी. चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान जुन्या शहरात आहे. दुकानाची रुंदी एका हँडलएवढी असल्यामुळे सायकल आत जाते तेव्हा चाचा बाहेर येतात. त्यांनी तिला उलटी केली, बोटाने ठिकठिकाणी टिचकी मारली आणि एखाद्या जुन्या घराण्याची कुळकथा सांगावी तसं सांगितलं, ‘‘देखो साब, चक्कर रॅलेका है. चिमटा अ‍ॅटलसका. हँडल हर्क्युलिस. मडगाड लुधियानाका, वो भी दो अलग अलग. और फ्रेम...’’ इथे ते थांबले. ‘‘फ्रेम अल्ला जाने.’’

तर आमचा वारसा असा नॉटिंगहॅम की आसनसोल, सोनीपत, मद्रास आणि लुधियाना यांच्या सहकार्याने उभा होता. चिमटा सोनीपतचा निघाल्याचं दुःख करण्यातही अर्थ नव्हता. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. आता तोही वारसाच.

‘‘और इसके कुत्ते मर गये,’’ चाचा म्हणाले. हे आत्याला फोनवर सांगताना माझी जरा पंचाईत झाली. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये दोन बारीक पोलादी खिट्या असतात. पुढे पायडल मारलं की त्या दात धरतात, पाय थांबवले की दातांवरून घसरत टिकटिक करतात. त्यांनाच कुत्ते म्हणायचं. ते मेले की पायडल नुसतं फिरतं आणि सायकल जागच्या जागी राहते. ‘‘कुत्रे मेले म्हणून सायकल चालत नाही?’’ आत्या म्हणाली. ‘‘अण्णांच्या मागे कुत्रे लागले की ती जास्त पळायची.’’

चाचांकडून परत आल्यावर सायकल पूर्ण खोलण्याचा टप्पा आला, आणि इथून तिचा प्रत्येक भाग आमच्याशी स्वतंत्रपणे भांडू लागला. डावं पायडल सुटेना. माझा भाचा चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला. त्याने पाना लावून त्यावर पाइप चढवला, त्यावर स्वतः चढला, आणि पायडल अधिकाधिक घट्ट होत गेलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ असते तर पाय मारता मारता ते आपोआप सुटत गेलं असतं. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंना हे ठाऊक होतं. चाचांच्या दुकानात काम करणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या नातवालाही ठाऊक होतं. मधल्या फळीतल्या लोकांचा प्रश्न होता.

मग छर्रे. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना दहा-दहा बारीक, मागच्यात नऊ-नऊ मोठे, पायडलच्या एक्सलला अकरा-अकरा. काकांनी मोजून हिरव्या डबीत ठेवले, डबीवर चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर सही केली, आणि उठताना त्यांच्या धोतराचा सोगा डबीला लागला. (क्वालिटीतले लोक घरी धोतर नेसतात की नाही मला माहीत नाही, आमचे नेसतात.) त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात कुठेही छर्रा सापडे. एक देवघरात बाळकृष्णाच्या मुठीत सापडला. तो तिथे कुणी ठेवला हे कळल्यावर काढून घेणं बरं दिसेना.

पण खरी गंमत कॉटर पिनची. पायडलचा दांडा एक्सलवर बसतो तो बोटभर लांबीच्या एका पोलादी खिळीच्या जोरावर. तिच्या एका टोकाला आटे आणि नट, आणि अंगाला एका बाजूने उतरता सपाट काप. तो काप एक्सलच्या खाचेवर चेपून बसला की दांडा हलत नाही. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने ठोकायच्या असतात, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवणारा लंगडत चालल्यासारखा दिसतो. आमच्या दोन्ही पिना ठोकून काढताना वाकड्या झाल्या. बाजारात ही पिन चहापेक्षा स्वस्त मिळते. पण औद्योगिक शहराचा स्वाभिमान जागा झाला. काकांनी तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग काढलं, मापं टाकली, पोलादाचा ग्रेड टाकला, दहा मायक्रॉनची मुभा दिली. भाच्याच्या मित्राकडे चिकलठाण्याला सीएनसी मशीन होतं. त्याने दोन मोठ्या ऑर्डरींच्या मध्ये आमच्या पिना बसवल्या. त्या फोमच्या खोबणीत, तपासणी अहवालासकट घरी आल्या. सोन्याच्या असत्या तरी कुणी एवढ्या जपून आणल्या नसत्या.

बसल्या नाहीत. कारण पिन अचूक होती आणि एक्सल साठ-सत्तर वर्षं झिजलेला होता.

चाचांनी खोक्यातून बाजारातली एक पिन काढली. पानपट्टीच्या फळकुटाएवढी कानस घेतली. कापावर तीन हात मारले, पिन घालून बघितली, काढली, आणखी दोन हात मारले, मग हातोडीचा एक ठोका. ‘‘बैठ गयी.’’ ही पिन मुळात मऊ पोलादाची असते आणि कानसून बसवण्यासाठीच बनवलेली असते. म्हणजे तिचं शेवटचं माप कारखान्यात ठरतच नाही, ते चाचांच्या मनगटात ठरतं. काका खाली वाकले आणि व्हर्नियर पुढे करत अत्यंत गंभीरपणे विचारते झाले, ‘‘किती मायक्रॉन काढले?’’

चाचा म्हणाले, ‘‘जितने जादा थे उतने.’’

काकांनी ते लिहून घेतलं. मी बघितलं.

बाकीच्या सामानासाठी जाफर गेटचा रविवारचा बाजार. गजाचे ब्रेक असलेल्या सायकलींचे सुटे भाग आता दुकानात सहज मिळत नाहीत. ते जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर, पंपाचं भोंगं, इस्त्रीची मूठ आणि कुणाच्यातरी दवाखान्याची पाटी यांच्यामध्ये पडलेले असतात. इथला नियम एकच: हवी ती वस्तू हातात घ्यायची नाही. आधी इस्त्रीची मूठ उचलायची, नाक मुरडायचं, पाटी वाचायची, आणि उठता उठता ‘हे काय आहे बुवा?’ असं ब्रेकच्या गजाकडे बघून विचारायचं. हे सगळं मी चोख केलं. पण विक्रेत्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, त्याने माझ्या नखांकडे बघितलं. नखांत काळं वंगण होतं. भाव तिथल्या तिथे दुप्पट झाला. भाच्याने मधल्या काळात ऑनलाइन रिमा मागवल्या. त्या छत्तीस-छत्तीस भोकांच्या आल्या. जुन्या सायकलीला पुढे बत्तीस आरे आणि मागे चाळीस, कारण सगळा भार मागे. बेरीज दोन्हीकडे बहात्तरच होते, हे भाच्याने हिशेब करून दाखवलं. हबने मान्य केलं नाही.

आता रंगाकडे येतो, कारण घरात भूकंप झाला तो रंगाने.

सगळ्यात वरचा थर हिरवा होता. तो माझ्या वडिलांचा. खिडक्यांच्या गजांना आणलेला रंग उरला की तो आपल्याकडे सायकलीला लागतो. आमची सायकल, मागचं दार आणि पिठाच्या डब्याचं झाकण एकाच रंगाचं आहे. त्याखाली चंदेरी. तो चुलत्यांचा, कॉलेजच्या दिवसांतला. त्याखाली चेनकव्हरवर पिवळ्या अक्षरांत अण्णांचं नाव आणि ‘शिक्षक’. इथे थांबायला हवं होतं, असं चुलते आजही म्हणतात. पण पॉलिश पेपरला थांबायचं कुठे ते कळत नाही. अण्णांचं नाव हळूहळू विरत गेलं आणि त्याच्या खालून, अस्सल काळ्या एनॅमलवर, लाल अक्षरांत दुसऱ्याच कुणा माणसाचं नाव वर आलं. त्याच्या खाली गाव: जालना.

आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट सांगितली जाते. अण्णांनी ही सायकल पोलीस अ‍ॅक्शननंतर हैदराबादहून कोरी करकरीत मागवली. ती मनमाड-काचीगुडा मीटरगेजवरून, पेंढ्यात गुंडाळून आली. स्टेशनवर बघायला माणसं जमली. पैसे हाली सिक्क्यात मोजले की कळदार, एवढ्यावर दोन चुलत्यांचं दर दिवाळीला वाजतं. कोरीबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. थोरले चुलते चेनकव्हरकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हैदराबादहून येताना जालना लागतंच.’’

‘‘हो,’’ काका म्हणाले, ‘‘पण तिथे गाडी एवढा वेळ थांबत नाही, की सायकलवर नाव रंगवून होईल.’’

आत्याला बोलावलं. ती पिवळ्या पट्टीच्या आत येऊन उभी राहिली, चष्मा पुसला, नाव वाचलं आणि म्हणाली, ‘‘मग? मुनीम होता तो जालन्याच्या मोंढ्यातला. त्याने फटफटी घेतली म्हणून ही विकली. कोरी म्हणे! पाच पोरं आणि मास्तराचा पगार.’’

‘‘आणि हैदराबाद?’’

‘‘हैदराबादहून घंटी आणली होती.’’

ती घंटी कुठे आहे, असं सगळ्यांनीच एकदम विचारलं. आत्याने माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं. ‘‘शाळेत असताना त्याने ती बोरांवर दिली.’’

आता प्रश्न असा आला की सायकल पूर्ववत करायची म्हणजे कुठल्या पूर्वीची? मुनिमाची की अण्णांची? अण्णांची म्हणावी तर चिमटा बदलण्याआधीची की नंतरची? (तो पावसाळ्यात दौलताबादच्या रस्त्यावर एका म्हशीला धडकून बदलला, हेही आत्याकडूनच कळलं. म्हैस उभी होती.) हँडल चुलत्यांनी बदललं, मडगार्डं वडिलांनी, एक एक करून, पगाराप्रमाणे. चाचांच्या आधी चाचांच्या वडिलांनी काय काय बदललं याची तर नोंदच नाही. सगळं बदललेलं, तरी भंगारवाल्याला मात्र आम्ही एकसुरात ओरडायचो, ‘अण्णांची आहे!’

जगात इतरत्र माणसं अशा प्रश्नाने हैराण होतात. आमच्या शहराला त्याचं एवढं काही वाटू नये, कारण या प्रश्नाच्या नावाने आमच्याकडे कॉलेज आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे कॉलेज सुरू केलं. त्याला मिलिंद हे नाव मिळालं, आणि तो सगळा परिसर झाला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. पाली ग्रंथात त्याची आणि भिक्खू नागसेनाची गाठ पडते. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, महाराज, आस म्हणजे रथ का? नाही. चाकं म्हणजे रथ? नाही. जू, दांडी, लगाम? नाही. मग या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? नाही. याखेरीज वेगळा कुठे रथ आहे? तोही नाही. मग आलात कशातून? राजाला कबूल करावं लागतं, की हे सगळं मिळून आपण रथ म्हणतो, ते म्हणण्यापुरतं नाव.

मी हे ओसरीत मोठ्या उत्साहाने सांगितलं. चिमटा म्हणजे सायकल का? हँडल म्हणजे सायकल का? काका विचारात पडले. चुलत्यांना जरा हायसं वाटलं. भाचा म्हणाला, म्हणजे डिस्क ब्रेक लावले तरी चालेल.

भाच्याचं म्हणणं टाळता येण्यासारखं नव्हतं. जर तिघांनी आपापल्या सोयीने बदल केले, तर त्यानेच काय पाप केलं होतं? त्याला डिस्क ब्रेक हवे होते, गिअर हवे होते, आऱ्यांत निळे दिवे हवे होते आणि मागच्या चाकाला मोटर हवी होती. अडीचशे वॅट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असली तर पासिंगही लागत नाही, हे त्याने वाचून ठेवलं होतं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. ‘‘गेअर कायकू? घाट चढनेका है?’’ भाचा म्हणाला, हो, खुलताबादला जाऊ. चाचा म्हणाले, ‘‘तुम्हारे दादा भी जाते थे. घाट आया तो उतरके चलते थे. वोईच गेअर.’’ तडजोडीत भाच्याला हँडलवर मोबाइलचा स्टँड मिळाला.

रंग कुठला, हे आम्हाला ठरवावं लागलं नाही. वाळूजच्या एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये ओळख निघाली. मालक म्हणाला, पाठवून द्या, लॉटमध्ये टाकून देतो. लॉट होता सायलेन्सरच्या कव्हरांचा. मुनिमाचं नाव, अण्णांचं नाव, हिरवा, चंदेरी सगळं साफ होऊन फ्रेम हुकाला लटकत पुढे सरकली, तिच्यावर पावडर उडाली आणि भट्टीतून ती त्या कव्हरांच्या मागोमाग काळी होऊन आली. जालन्याच्या मुनिमाला ओळखू आली असती इतकी काळी.

त्यावर सोनेरी रेघा हव्यात, यावर मात्र घरात एकमत झालं, आणि ही एक गोष्ट मी ओसरीत पाट घेऊन शेवटपर्यंत बघितली. रेघा ओढणारा पेंटर रिक्षांवर नावं लिहितो. रेडियमच्या स्टिकरांनी त्याचं बरंच काम खाल्लंय. त्याने लांब केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवला, काचेच्या तुकड्यावर दोनदा निथळवला, करंगळी नळीवर टेकवली आणि ती करंगळी नळीवरून घसरवत तो मागे मागे सरकला. हात हलत नव्हता, माणूस हलत होता. रेघ संपेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही आणि त्याच्याबरोबर आम्हीही घेतला नाही. काका व्हर्नियर खिशातून काढून परत खिशात ठेवताना दिसले.

मग चेनकव्हरवर नाव कुणाचं? पेंटर अक्षराप्रमाणे पैसे घेतो, त्यामुळे चर्चेला आर्थिक बाजूही होती. थोरले चुलते म्हणाले अण्णांचं. धाकटे म्हणाले, मग हँडल माझं होतं त्याचं काय? इतिहासाला धरून मुनिमाचं लिहावं, असं काकांचं मत पडलं. खाली आमच्या गावाचं नाव पूर्ण लिहायचं तर त्याला चेनकव्हर पुरत नव्हतं. आखूड करून लिहायला पेंटर तयार नव्हता, कारण अक्षरं कमी होतात. वाद रंगला, चहा आला, पुन्हा रंगला. इकडे वाटीतला रंग सुकायला लागला तसा पेंटर उठला आणि रोज रिक्षांवर लिहितो ते त्याने झोकात लिहून टाकलं: ‘आईचा आशीर्वाद’. त्यावर हरकत घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

सायकल ओसरीत उभी राहिली. गल्ली बघून गेली. काकांनी अंतिम तपासणी केली आणि दोन पानी अहवाल दिला. त्यात ‘ब्रेक लावल्यास वाहन थांबते, मात्र कोठे ते निश्चित नाही’ असा एक शेरा होता, आणि हिरव्या डबीतला एक छर्रा कमी असल्याचा दुसरा. सायकलीवर जुनं धुतलेलं लुगडं पांघरलं. ते काढून आलेल्या-गेलेल्याला दाखवायचं आणि परत पांघरायचं, असं काम मला लागलं. जिन्याखालची जागा आता तिला दमट पडते म्हणून स्टो तेवढा परत तिथे गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी आत्याने ज्वारीचा डबा पुढे केला. ‘‘गिरणीत टाकून ये. सायकल आहेच आता.’’

मी म्हणालो, कॅरिअरवर डबा ठेवला तर मडगार्डवरची रेघ जाईल. मी स्कूटरवर नेतो.

‘‘ज्वारी स्कूटरवर? मग ही कशाला केली?’’ मी वारशाबद्दल काहीतरी बोलायला लागलो. ‘‘अण्णा हिच्यावरून पोतं आणायचे,’’ आत्या म्हणाली, ‘‘आणि पोत्यावर मी बसलेली असायची.’’

जुन्या ट्यूबच्या पट्टीने तिनेच डबा कॅरिअरला आवळला. गाठ अशी, की गिरणीवाल्याला सुटेना. मी गेलो, आलो. म्हैस वाटेत नव्हती. परत आलो तेव्हा काका फाटकातच उभे होते. त्यांनी मागचं मडगार्ड तिरप्या उजेडात धरलं, भिंग काढलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात नवी ओळ भरली: ‘मागील मडगार्ड, उजवी बाजू. ओरखडा, लांबी ४० मिमी. कारण: ज्वारी.’ पुढचा रकाना होता ‘सुधारणेचा उपाय’. तिथे पेन अडलं. ते विचार करत राहिले तेव्हा आत्याने त्यांच्या हातातून पेन घेतलं, चष्मा वर केला आणि रकान्यात लिहिलं: ‘उद्या गहू’.